गाडी धुण्याच्या हायप्रेशर पंपाचे सील कसे बदलावे

मागील अंकाच्या पाठात आपण विहिरीवरच्या पंपाची ग्लँड दोरी बदलायला शिकलो. या वेळी हायप्रेशर पंप घेतला आहे. आपल्या प्रशिक्षण केंद्रातून शिकून गेलेली बरीच मुले आता महामार्गालगतच्या वॉशिंग सेंटरवर कामाला आहेत. तिथे पंप बंद पडला की काम बंद, आणि रोजावरच्या मुलाचा त्या दिवसाचा खाडा. मेकॅनिक शहरातून येईपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाण्याऐवजी ज्याने हे काम धरले, त्याच्या घरी त्या तीन दिवसांची मजुरी फार मोठी असते.

सील बदलणे अवघड नाही. सवय झालेल्या हाताला अर्धा दिवस पुरतो. मात्र वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगतो ते इथेही सांगतो : सील बदलणे हे निम्मेच काम आहे. सील का गेले हे शोधणे हे उरलेले निम्मे. ते राहिले तर नवे सीलही महिन्या-दोन महिन्यांत जाते.

पंप आतून कसा असतो

पाड्यावरचा हापसा दुरुस्तीसाठी वर काढलेला आपण पाहिला आहे. त्याच्या दट्ट्याला कप वॉशर असतात आणि ते दट्ट्याबरोबर वरखाली होतात. वॉशर झिजले की कितीही हापसा, पाणी वर येत नाही. गाडी धुण्याच्या पंपात याच्या उलट असते. तिथे सील जागेवर बसलेले असते आणि गुळगुळीत दांडा त्याच्यामधून पुढेमागे होतो. या दांड्याला प्लंजर म्हणतात. तो बहुधा पांढऱ्या सिरॅमिकचा असतो, आणि एका पंपात असे तीन प्लंजर असतात. (काही सेंटरवर फवारणीचा एचटीपी पंप वापरतात. त्याची रचना थोडी वेगळी आहे. हा पाठ सिरॅमिक प्लंजरच्या पंपाचा आहे.)

पंपाचा मागचा भाग म्हणजे क्रँककेस, त्यात तेल असते. पुढचा भाग म्हणजे पितळी हेड, त्यात पाणी असते. तेलाच्या बाजूला प्रत्येक प्लंजरला एक ऑइल सील असते. पाण्याच्या बाजूला दोन सील असतात : पुढे हायप्रेशर सील, त्याच्या मागे लो-प्रेशर सील, आणि मध्ये पितळी रिंग. हेडमध्ये सहा व्हॉल्व्ह असतात, तीन पाणी आत घेणारे आणि तीन बाहेर सोडणारे.

या सीलवर किती भार येतो याचा हिशेब करू. प्लंजर १८ मिलिमीटर जाडीचा आणि दाब १२० बार असेल, तर पाणी प्लंजरला सुमारे ३०० किलोच्या जोराने मागे रेटते. म्हणजे अंगठ्याएवढ्या दांड्यावर तांदळाची शंभर किलोची तीन पोती. पंप मोटारीला थेट जोडलेला असेल आणि मोटार मिनिटाला १४५० फेरे घेत असेल, तर प्लंजर तासाला ८७,००० वेळा सीलमधून ये-जा करतो. हे सगळे सील पाण्याच्या पातळ थरावर सहन करते. तो थर गेला की सील जळते.

आधी सुरक्षा

मेन स्विच बंद करा आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, म्हणजे दुसरा कोणी चुकून चालू करणार नाही. पाण्याचा कॉक बंद करा. मग गनचा खटका दाबून पाइपातला उरलेला दाब सोडा आणि गेजचा काटा शून्यावर आल्याची खात्री करा.

चालू धारेसमोर हात किंवा पाय कधीही धरू नका. पायावरचा चिखल धुण्यासाठीही नाही. ही धार कातडी भेदून पाणी आत घुसवते. वरून फक्त टाचणीएवढे भोक दिसते, रक्तही फारसे येत नाही, पण आत बोट किंवा पाय सडू शकतो. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका. लगेच दवाखान्यात जा आणि "हायप्रेशर पाणी आत शिरले आहे" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

सेंटरची जमीन कायम ओली असते. मोटारीला अर्थिंग आणि बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. पायात गमबूट घाला. हे मालकाकडे मागायला संकोच करू नका.

लक्षणे ओळखा

हेड आणि क्रँककेस यांच्यामधून एखादा थेंब पडत असेल तर काळजी नाही. धार लागली तर पाण्याचे सील गेले.

त्याच जागेतून तेल पडत असेल तर ऑइल सील गेले. तेल दुधाळ झाले असेल तर पाणी तेलात शिरले आहे. असा पंप एक दिवसही चालवू नका, आतले बेअरिंग खराब होतात.

गन हातात झटके देते, पाइप थरथरतो आणि गेजचा काटा नाचतो, तेव्हा एखाद्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो किंवा पंप पाण्याबरोबर हवा ओढत असतो.

दाब हळूहळू कमी होत गेला असेल तर आधी नोझल बदलून पाहा. नोझलचे भोक झिजून मोठे झाले की पंप ठणठणीत असूनही दाब मिळत नाही. या साध्या कारणासाठी पंप उगाच खोलला गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

खोलणे

पंप बाहेरून धुऊन पुसून घ्या. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. व्हॉल्व्हच्या सहा टोप्या खोलून व्हॉल्व्ह काढा. स्प्रिंग तुटली आहे का, बैठकीवर खड्डे पडले आहेत का, वाळू अडकली आहे का, ते पाहा.

मग हेडचे बोल्ट समोरासमोरचे असे आळीपाळीने थोडे थोडे सैल करा. हेड निघत नसेल तर लाकडी किंवा रबरी हातोडीने दोन्ही बाजूंना हलके ठोका आणि सरळ पुढे ओढा. एका बाजूला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटले की हेड तिरपे होते आणि सिरॅमिक तडकते.

फडक्यावर प्रत्येक प्लंजरसाठी एक अशा तीन रांगा करा आणि निघालेले भाग निघाल्या क्रमाने मांडा. सीलचे तोंड कोणत्या बाजूला होते तेही लिहून ठेवा.

जुने सील काय सांगते

जुने सील फेकू नका. हातात घेऊन उजेडात पाहा.

• सगळीकडून सारखे झिजलेले असेल तर त्याचे आयुष्य संपले. ही चांगली झीज.
• कडक, चकाकते किंवा भेगाळलेले असेल तर पंप कोरडा चालला किंवा पाणी आत तापले.
• उभे ओरखडे असतील तर पाण्यातून वाळू येते आहे.
• कडेचे तुकडे उडाले असतील तर पंपाला पुरेसे पाणी मिळत नाही किंवा तो हवा ओढतो आहे.

प्लंजर स्वच्छ पुसून त्यावरून नख फिरवा. पांढरा क्षार जमला असेल तर व्हिनेगरच्या फडक्याने निघतो. नख अडकले किंवा तडा दिसला तर प्लंजर बदलावाच लागेल, नाहीतर नवे सील काही दिवसांतच फाटेल. पॉलिश पेपर मारू नका.

बसवणे

दुकानात जाताना जुने सील आणि पंपाच्या पाटीचा फोटो घेऊन जा. प्लंजर १५, १८ की २० मिलिमीटरचा, हे मोजून न्या. एकच सील गळत असले तरी तिन्ही प्लंजरचा पूर्ण संच बदला.

सीलच्या जागा स्वच्छ करा. नव्या सीलला सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने काही प्रकारचे रबर फुगते. हायप्रेशर सीलची पन्हळीसारखी उघडी बाजू दाबाच्या पाण्याकडे, म्हणजे व्हॉल्व्हकडे हवी. पाण्याच्या दाबानेच तिचे ओठ फाकून प्लंजरला घट्ट धरतात. उलटे बसवले तर पहिल्याच मिनिटाला पाणी गळते.

हेड तीनही प्लंजरवर सरळ सरकवा. बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, कंपनीने सांगितलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळा. शाफ्ट हाताने फिरवून पाहा, कुठे अडकता कामा नये. तेल कंपनीने सांगितलेलेच भरा. बहुतेक पुस्तिकांत पहिले तेल ५० तासांनी आणि पुढे दर ५०० तासांनी बदलायला सांगितलेले असते. काढलेले तेल डब्यात साठवा. ओढ्यात सोडू नका, खालच्या पाड्यावर तेच पाणी पितात.

चालू करताना नोझल काढून गन उघडी ठेवा आणि हवा निघून पाण्याची अखंड धार येऊ द्या. मग नोझल लावून दाब हळूहळू वाढवा.

कारण शोधल्याशिवाय काम पूर्ण नाही

जव्हारकडचा आपला एक माजी विद्यार्थी एका सेंटरवर आहे. तिथे चार महिन्यांत तीनदा सील बदलले गेले. मुलेच पंप कोरडा चालवतात, असा मालकाचा समज झाला आणि नुकसान पगारातून कापण्याची भाषा सुरू झाली. त्याने मला फोन केला. मी विचारले, सील कसे दिसते? तो म्हणाला, "सर, कडेचे तुकडे उडालेत." मी त्याला पंपाशेजारी पाण्याने भरलेला ड्रम ठेवून, आखूड नव्या पाइपाने त्यातून पाणी घ्यायला सांगितले. (बादली घेऊ नका. मिनिटाला १२ लिटर ओढणारा पंप २० लिटरची बादली दीड मिनिटात रिकामी करतो.) ड्रमवर पंपाची खडखड थांबली. म्हणजे दोष टाकीपासून येणाऱ्या पाइपात होता. क्लिपखाली पाइपाला बारीक चीर होती. ओढणाऱ्या पाइपातून पाणी बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून कोणाला ती दिसली नव्हती. तेवढा तुकडा कापून नवी क्लिप लावली. सीलचा दोष नव्हता, मुलांचाही नव्हता, आणि हे त्याने मालकासमोर ड्रम ठेवून दाखवून दिले. पगार कापला गेला नाही.

बाकीची कारणे थोडक्यात अशी. गन सोडल्यावर मोटार चालूच राहिली की तेच पाणी पंपात फिरत राहून तापते. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर मोटार बंद करा, आणि शक्य असेल तर परतीचे पाणी पंपाच्या तोंडाशी न सोडता टाकीत सोडा. फिल्टर रोज सकाळी धुवा. टाकी पंपापेक्षा उंचावर ठेवा. ओढणारा पाइप पुरेसा रुंद आणि न चेपणारा घ्या.

एक वही ठेवा. तारीख, काय बदलले, जुने सील कसे दिसत होते, कारण काय सापडले, एवढेच लिहा. आपल्यावर ठपका आला तर ही वही आपल्या बाजूने बोलते.

उजळणी

१. हापशाचे वॉशर आणि या पंपाचे सील यांत मुख्य फरक कोणता?
२. पंपाचे तेल दुधाळ दिसले तर काय समजावे?
३. हायप्रेशर सीलची उघडी बाजू कोणीकडे हवी, आणि का?
४. सीलवर उभे ओरखडे दिसले तर आधी काय तपासाल?
५. ओढणाऱ्या पाइपाला चीर असूनही पाणी का गळत नाही?

केंद्रात सरावासाठी एक जुना पंप ठेवला आहे. सुट्टीत गावी जाताना वाटेत थांबा आणि एकदा स्वतःच्या हाताने खोलून बसवून पाहा. पुढील अंकात अनलोडर व्हॉल्व्ह.