साइटवरचं सामान राखायला किती खर्च येतो?

स्लॅबचा दिवस. मिक्सर भाड्याचा, बारा माणसं सकाळी सातलाच हजर. वायब्रेटरची मोटर जागेवर होती, निडल मात्र रात्रीतून गेलेली. निडल काही हजारांचीच. पण दुसरी मिळेपर्यंत दुपार झाली आणि बारा जणांचा अर्धा रोज व मिक्सरचं भाडं अंगावर पडलं. नांदेड-लातूरकडे घर बांधायला काढणाऱ्या मालकाने आणि छोट्या ठेकेदाराने राखणीचा खर्च पायाखोदाईच्या आधीच धरावा. पुढचे दर ढोबळ आहेत, दोन ठिकाणी विचारूनच पक्के करा.

सगळ्यात स्वस्त काम खुणेचं. सेंट्रिंगच्या प्लेटा सगळ्यांच्या सारख्याच दिसतात, त्यामुळे दुसऱ्याच्या साइटवर आपली प्लेट दिसली तरी बोलता येत नाही. ऑइलपेंटचा छोटा डबा दीडशे-दोनशेला येतो, पण रंग खरवडता येतो. प्लेटेच्या कडेच्या अँगलवर वेल्डिंगने नावाची दोन अक्षरं काढून घ्या. ती घासली तरी घासल्याची जागा दिसते. ग्राइंडर, ड्रिल, कटर यांच्यावरचा सिरियल नंबर आणि बिल, दोन्हींचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रोज संध्याकाळी सामान मोजून वहीत लिहायचं. याला पाच मिनिटं लागतात आणि मला तरी हाच सगळ्यात मोठा बंदोबस्त वाटतो.

मग लोखंडी पेटी. फॅब्रिकेटर किलोवर भाव करतो. पन्नास-साठ किलोची पेटी सहा ते आठ हजारांत बसते. कुलूप पत्र्याच्या खोक्याआड येईल अशी कडी करून घ्या, म्हणजे कटर लावायला जागा राहत नाही. पेटी कोब्यात बोल्टने आवळा. चांगलं कुलूप पाचशे ते आठशे.

वॉचमनला महिना नऊ ते बारा हजार. बऱ्याच ठिकाणी जोडपंच पत्र्याच्या खोलीत मुक्कामी असतं. त्यांना लाइट, पाणी, संडासाची सोय द्या. ज्यांच्या भरवशावर आपण रात्री झोपतो त्यांना अंधारात ठेवू नये. पोळा आणि दिवाळीला साइट ओस पडते, त्या दिवसांचा बदली माणूस आधीच ठरवा.

सिमकार्डवर चालणारा सोलर कॅमेरा पाच ते नऊ हजार, रिचार्ज महिन्याला दोनशे-तीनशे. लाइट नसलेल्या प्लॉटवर तो उपयोगी पडतो. पण रात्री दोनला मोबाइल वाजल्यावर साइटवर कोण जाणार, हे ठरलं नसेल तर हे पैसे वाया.

बोअरची केबल लोक विसरतात. आपल्याकडे बोअर खोल, केबल लांब, आणि चोराला तांबं हवं असतं. जमिनीवर दिसणारा तुकडा पाइपात घालून काँक्रीटमध्ये गाडा.

विमा घेताना एकच प्रश्न नीट विचारा. घरफोडीच्या साध्या पॉलिसीत कुलूप तोडल्याची, जबरीने शिरल्याची खूण लागते. उघड्या प्लॉटवरून उचलून नेलेल्या जॅकला ती भरपाई देत नाही. कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसीत अवजारं, यंत्रं धरली आहेत का आणि दर दाव्यात आपल्या खिशातून किती जाणार, हे लेखी घ्या.

चोरी झालीच तर त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात चोरीचं कलम 303 आहे. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी फिर्याद घेतात. ऑनलाइन दिली, तर 3 दिवसांत जाऊन सही करावी लागते. एकूण किंमत बिलांसह लिहून द्या. माल सापडला तर कोर्टातून सुपूर्दनाम्यावर परत मिळतो, आणि तिथे बिल, नंबर, वेल्डिंगची अक्षरं हेच तुमचे साक्षीदार. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ती हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.