फासे नसलेला पट

इंदापूर

चि. ऋतुजास,


तुम्हा चौघांचा अंतराळावरचा कॉम्प्युटर-खेळ परवा नीट बसून पाहिला. चित्रं देखणी आहेत, मेहनत दिसते. पण खटकलं ते आधी सांगते. तुमच्या खेळात प्रश्न येतो, उत्तर बरोबर आलं की यान पुढं, चुकलं की मागं. ते प्रश्न काढून तिथं पावकी-निमकी घातली तरी खेळ तसाच चालेल. म्हणजे अंतराळ पडद्यावर आहे, नियमात नाही. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं मी. नटवलेली चाचणी परीक्षा मुलं लगेच ओळखतात.

नियम शोधायला लांब जायला नको. वालचंदनगर आपल्याच तालुक्यात. साखर कारखान्याभोवती वसलेलं गाव, पण चांद्रयान-3 ज्या एलव्हीएम-3 रॉकेटनं गेलं, त्याच्या एस-200 बूस्टरचे भाग तिथं तयार झाले. 3.2 मीटर व्यासाची पोलादी नळकांडी. आडवं ठेवलं तरी आपल्या माजघराच्या आढ्याला लागेल. एकेका बूस्टरमध्ये सुमारे 200 टन घन इंधन असतं, आणि ते एकदा पेटलं की विझवता येत नाही. चंद्रावर उतरणाऱ्या लँडरची इंजिनं मात्र द्रव इंधनावरची, त्यांचा जोर कमी-जास्त करता येतो. हा फरक वाचायला लावू नका, बटणांतून कळू द्या. पहिलं बटण दाबलं की नाहीसं व्हावं, दुसरं हाताखाली राहावं. खेळणाऱ्या पोराला हे एकदा हाताला कळलं की पुस्तकातली व्याख्या त्याला आपोआप समजेल.

वजनाचंही तसंच. चांद्रयान-3 चं एकूण वजन सुमारे 3,900 किलो, त्यातला रोव्हर अवघा 26 किलोचा. खेळाडूला सामान भरू दे. एक उपकरण जास्त घेतलं तर इंधन तेवढं कमी, हे त्याला सोसू दे. वाटही त्याला निवडू दे. अपोलो-11 सुमारे तीन दिवसांत चंद्राच्या कक्षेत पोचलं होतं, कारण रॉकेट अफाट मोठं होतं. आपलं यान 14 जुलै 2023 ला निघालं, पृथ्वीभोवती फेऱ्या मारत कक्षा वाढवत गेलं आणि 23 ऑगस्टला उतरलं. घाई करायची तर इंधन जाळा, इंधन वाचवायचं तर दिवस मोजा. एवढ्यावरच तुमचा निम्मा खेळ उभा राहतो.

आता हरण्याविषयी, कारण माझ्या मते तुमची खरी परीक्षा तिथं आहे. सापशिडी हा मुळात मोक्षपट, परंपरा तो ज्ञानदेवांच्या नावानं सांगते. पाप-पुण्य शिकवणारा खेळ, पण सापाच्या तोंडी जायचं की नाही ते ठरवतो फासा. तुमच्या पटावर फासा नको. चांद्रयान-2 चं लँडर 7 सप्टेंबर 2019 ला कोसळलं, ते नशिबानं नव्हे. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साचत गेल्या, यानाला झटकन वळायचं होतं पण वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली होती, आणि उतरण्याची जागा जेमतेम 500 मीटर लांब-रुंद ठरवलेली. हे सगळं इस्रोनं शोधून काढलं आणि जाहीर सांगितलं. मग पुढच्या वेळी जागा 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली, पाय भक्कम केले, इंधन वाढवलं. तुमच्या खेळात यान पडलं की 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच येतं. मुलाला काय कळलं? त्याला शेवटच्या मिनिटाचे आकडे दाखवा, वेग किती होता, उंची किती होती, आणि दुरुस्ती त्यालाच करू द्या.

उतरण सुरू झाली की खेळाडूचे हात काढून घ्या. चांद्रयान-3 च्या शेवटच्या एकोणीसेक मिनिटांत यान स्वतःच निर्णय घेत होतं, बेंगळुरूत बसलेल्यांना पाहण्यापलीकडं काही करता येत नव्हतं. आधी ठरवलेलं खरं ठरतं की नाही, ते मुलांनाही तसंच बघू दे. ती ओरडतील, ओरडू देत.

तुझा प्रोग्रामिंग करणारा मित्र आणि चित्रं काढणारी मैत्रीण यांच्यात ओढाताण होतेय, असं तू म्हणालीस. कोण बरोबर ते तुम्ही चौघं ठरवू नका, खेळणारी मुलं ठरवतील. पुढचे दोन आठवडे कॉम्प्युटर बाजूला ठेवा. पुठ्ठा, चिंचोके आणि वहीचे कागद घेऊन पट मांडा. इंधन म्हणून चिंचोके मोजून द्या. शनिवारी सकाळची शाळा असते, सुटल्यावर मी पाचवी-सहावीची मुलं थांबवायला सांगते. तुम्ही नियम एकदाच सांगायचे आणि गप्प बसायचं. मूल अडलं तर मदत करायची नाही, कुठं अडलं ते लिहून घ्यायचं. चौघंही या. आणि चिंचोके घरात भरपूर आहेत, विकत आणू नका.

तुझी,
आत्या