कोचला काढलं, पण काढलं कुणी?

कळंब हे काही फुटबॉलचं गाव नव्हे. मंचर सोडून नारायणगावकडे निघालं की पुणे-नाशिक रस्त्यावर ते लागतं. आमच्याकडे जत्रेत आखाडा भरतो, घाटात बैलगाडे पळतात, थंडीत उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे लागतात. तरी २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, पुण्याला एफसी पुणे सिटी नावाचा संघ मिळाला आणि आमच्या भागातली काही पोरं तिथल्या बालेवाडी स्टेडियमच्या वाटेला लागली. चाकणच्या चौकातली कोंडी सोसायची, नाशिक फाट्यावरून आत वळायचं आणि संध्याकाळच्या सामन्याला कसंबसं पोचायचं. परतताना राजगुरुनगर मागे पडलं की घर जवळ आल्यासारखं वाटायचं. त्या वर्षांत आणि नंतरही कोच काढल्याच्या बऱ्याच बातम्या कानांवर आल्या. आता गावातली लहान पोरं मोबाइलवर सामने बघतात आणि कोच हाकलला की तेवढ्यावर खूश होतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. तीन सामन्यांत माणूस जोखता येत नाही

२०१७-१८चा मोसम पुण्यासाठी सगळ्यात चांगला होता. रांको पोपोविच यांच्या हाताखाली संघ चौथा आला आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. तिथे बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि आमचा प्रवास संपला. वाईट वाटलं, पण संघ जमतोय अशी खात्री होती. पुढच्या मोसमाला पोपोविच नव्हते. त्यांच्या जागी स्पेनचे मिगेल अँजेल पोर्तुगाल आले. आदल्याच वर्षी ते दिल्लीचे कोच होते आणि दिल्ली दहा संघांत आठवी आली होती. म्हणजे माणूस कसा आहे, कोणत्या पद्धतीने खेळवतो, हे नेमणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं.

पहिला सामना दिल्लीत बरोबरीत सुटला. दुसरा मुंबईने २-० असा जिंकला. तिसरा बालेवाडीत, बेंगळुरूविरुद्ध, ०-३. तिसरा गोल झाला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत लेकाला खांद्यावर घेतलेला एक गृहस्थ होता. आजूबाजूचे लोक कोचच्या नावाने ओरडत होते. हा मात्र मैदानाकडे पाठ करून वर, पाहुण्यांच्या काचेच्या कक्षाकडे बघत उभा राहिला. बराच वेळ. पोरगं विचारत होतं, "पप्पा, तिकडं काय?" त्याने काही उत्तर दिलं नाही.

ऑक्टोबर संपायच्या आत पोर्तुगाल यांना काढलं. तीन सामने, एक गुण. आमच्यातल्या निम्म्यांना हायसं वाटलं. "बरं झालं, आता गाडी रुळावर येईल," असं एकाने मला फोनवर सांगितलं. प्रद्युम रेड्डींनी काही काळ संघ सांभाळला, डिसेंबरात इंग्लंडचे फिल ब्राउन आले. संघ सातवा आला. मोसमाआधी विचार करून नेमलेला माणूस महिन्याभरात नालायक ठरत असेल, तर खोट नेमणुकीत असते.

२. काढल्याच्या पत्राखालची सही वाचा

मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट, म्हणून जरा थांबून सांगतो.

कोच आपल्याला दिसतो. रेषेजवळ उभा असतो, हातवारे करतो, हरल्यावर कॅमेऱ्यापुढे येतो. राग काढायला समोर तोच असतो. मालक दिसत नाही. खेळाडू विकत घेतो तो, पगार थकवतो तो, अकादमी चालवायची की गुंडाळायची हेही तोच ठरवतो. पण स्टेडियममध्ये त्याच्या नावाने कुणी ओरडत नाही. कोचला काढलं की चार-सहा आठवडे लोकांचा राग निवतो आणि तेवढी उसंत मालकाला मिळते.

बालेवाडीचा इतिहासच बघा. २००७ साली पुणे एफसी सुरू झाला. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २०१२-१३ला हा संघ आय-लीग या तेव्हाच्या वरच्या लीगमध्ये दुसरा आला. २०१५ला त्याचा मुख्य संघ बंद झाला. भारत एफसी आला आणि एका मोसमात आटोपला. डीएसके शिवाजियन्स २०१७ला गेला. मग २०१९ला एफसी पुणे सिटी. मालक समूह आर्थिक अडचणीत आला, क्लब मोडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. फिल ब्राउनही तिकडे गेले आणि जानेवारी २०२०मध्ये तिथून त्यांनाही काढलं. त्याच हैदराबादने मार्च २०२२मध्ये मनोलो मार्केझ यांच्या हाताखाली इंडियन सुपर लीग जिंकली.

एकाच मैदानावर चार क्लब आले आणि गेले. यातल्या प्रत्येकाच्या कोचवर आम्ही तावातावाने बोललो. क्लब कोणत्या पैशावर उभा आहे, हे विचारायचं सुचलं ते तो मोडल्यावरच. आमच्या एका नात्यातल्या बैलगाडावाल्या अण्णांना पोर्तुगाल प्रकरण सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे, शर्यतीत बारी बसली नाही तर मालकानं आधी स्वतःचा गोठा बघावा. बैलांना खुराक काय घातला, ते बघावं." त्यांनी आयुष्यात फुटबॉलचा सामना पाहिलेला नाही, तरी या विषयावर याहून नेमकं बोलणं मी ऐकलेलं नाही.

३. काढलेल्याचं दुःख आणि नव्याचं कौतुक एका मनात मावतं

गोव्याचं उदाहरण सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सर्जिओ लोबेरा यांनी एफसी गोवाला बघत राहावं असं फुटबॉल शिकवलं होतं. जानेवारी २०२०च्या अखेरीस संघ गुणतक्त्यात वर होता, साखळीतले तीनच सामने उरले होते आणि क्लबने त्यांना काढलं! फातोर्ड्याच्या मैदानावरचे प्रेक्षक चिडले, आणि चिडणारच. जिंकणाऱ्या माणसाला असं घालवलेलं कुणाला आवडेल?

संघ गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडाच्या हाती आला. त्याने तिन्ही सामने जिंकून दिले, शेवटचा जमशेदपूरमध्ये ५-० असा. गोव्याने साखळीत पहिलं येणाऱ्याची ढाल जिंकली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळण्याचा मान भारतात पहिल्यांदा या क्लबला मिळाला. मडगावचा माझा एक मित्र तेव्हा लोबेरांसाठी हळहळतही होता आणि मिरांडासाठी नाचतही होता. काहींनी त्याला दुटप्पी म्हटलं. मला त्यात काहीच खोटं दिसलं नाही. ती ढाल दोघांचीही होती.

४. निरोप दिलेला माणूस परत भेटतो

लोबेरा त्याच वर्षी मुंबई सिटीत आले. अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमू, मंदार राव देसाई हे त्यांचे गोव्यातले खेळाडूही आले. करोनामुळे तो मोसम रिकाम्या स्टेडियममध्ये गोव्यातच झाला. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टीवर हरवलं आणि १३ मार्च २०२१ला फातोर्ड्यावर मोहन बागानला २-१ असं हरवून ढालीपाठोपाठ करंडकही घेतला. गोव्याने घालवलेला माणूस गोव्याच्याच मैदानावर जिंकला.

खालिद जमील यांची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. २००९ ते २०१६ ते मुंबई एफसी या वेगळ्या क्लबचे कोच होते. पैसा कमी, संघ साधा, तरी त्यांनी तो वरच्या लीगमध्ये टिकवून धरला. "बचावात्मक खेळवतो" म्हणून टीका व्हायची. मुंबईने निरोप दिल्यावर ते मिझोरमच्या ऐजॉलला गेले आणि पहिल्याच मोसमात, २०१६-१७ला, त्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेला आणि पुढे बंद पडला. ऑगस्ट २०२५मध्ये जमील भारतीय संघाचे कोच झाले.

५. परदेशी क्लबवर जीव असेल तरी हिशोब हाच

कळंब-मंचरच्या पोरांत मँचेस्टर युनायटेडचे चाहते पुष्कळ. मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग असे एकामागून एक काढले गेले. व्हॅन गाल यांना तर एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत. दर वेळी "आता सगळं बदलणार" असं म्हटलं गेलं. या सगळ्या काळात ग्लेझर कुटुंबाची २००५पासूनची मालकी तेवढी कायम होती. याच क्लबने अॅलेक्स फर्ग्युसन यांना १९८६ला आणलं, पहिला करंडक १९९०ला आला, आणि मधल्या काळात प्रेक्षकांनी त्यांना घालवा म्हणून फलकही धरले होते.

६. शिवी देऊ नका

घर, देश सोडून आलेला माणूस एका संध्याकाळी बॅग भरतो. त्याच्या डावपेचांवर हवं तेवढं बोला. बायकापोरांवर आणि रंगावर जाणाऱ्याला तिथल्या तिथे गप्प करा.

७. कोल्हापूरकडून शिका

कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा ही संघांची नावं तालमीची आणि पेठेची आहेत. शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा सामन्याला येतात. तिथे कधी हुल्लड होते, ती वाईटच. पण एक गोष्ट त्यांच्याकडे आहे जी बालेवाडीला कधी लाभली नाही: त्यांचा संघ कुणी उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही. कोच बदलतो, तालीम तिथेच राहते. जर्मनीतही हेच सूत्र नियमात बसवलंय. बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हाती असतात, त्यामुळे मालकाला जाब विचारायला सभा असते.

पुण्यात पुन्हा कधी मोठा क्लब येईल तेव्हा मीही जाईन, चाकणची कोंडी सोसून. पण तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. कोच कोण, हे विचारण्याआधी पैसा कुणाचा आणि किती वर्षांचा, मैदानाचा करार किती मुदतीचा, मुलांची अकादमी कुठे, चाहत्यांना सभेत बसायला मिळेल का, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर पहिल्याच सामन्याला ते फलकावर लिहून न्या.