पेठेतील घर आणि धान्याचा व्यापारी

जोयडा तालुक्यातील व्यापारी कुटुंबांचा ओढा बेळगावकडे आहे, हे सभासदांस सांगावयास नको. मुलांचे शिक्षण, वडीलधाऱ्यांचे औषधपाणी आणि मालाची मोठी पेठ ही तीन निमित्ते त्यास पुरेशी होतात. रामनगराहून लोंढा-खानापूरमार्गे बेळगावी जाणारा रस्ता आपल्या व्यापाराचा जुना रस्ता होय; ज्या वाटेने तांदळाची पोती गेली, त्याच वाटेने पुढची पिढी जावी यात नवल नाही. परंतु पेठेतील भाव ज्यास तोंडपाठ आहे, त्यास पेठेतील घरही कळते, असे मात्र समजू नये. या विषयाचा काही अभ्यास सभासदांपुढे मांडावा, एवढाच आमचा हेतू आहे.

आपल्याकडील घर चारी बाजूंनी मोकळे असते. पुढे अंगण, मागे परडे, पावसाचे पाणी आपल्याच वळचणीखालून आपल्याच जमिनीत मुरते, आणि शेजारी हाकेच्या अंतरावर. काळी नदीवरील सुपे धरण १९८७ साली पुरे झाले व तालुक्याचे जुने ठाणे पाण्याखाली गेले. पुढे रामनगरास नवी घरे उभी राहिली, तरी घराभोवती थोडी मोकळी जागा हवीच ही आपली खोड गेली नाही. जुन्या पेठेतील घराची जात निराळी. त्याचे तोंड लहान व पोट लांब. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी लागलेल्या, आणि उजेड येतो तो मधल्या चौकातून, मागील खिडकीतून किंवा शेजाऱ्याच्या मोकळ्या जागेवरून. म्हणून अशा घरात विकत मिळणाऱ्या वस्तूंपैकी निम्म्या वस्तू खरेदीखताच्या चतुःसीमेबाहेर असतात. भिंत कोणाची, पन्हळीचे पाणी कोठे पडते, मोरीचे पाणी कोणाच्या जागेतून गटारास मिळते, उजेड कोणाच्या कृपेने येतो, हे प्रश्न घराच्या किमतीइतकेच महत्त्वाचे होत.

उजेडाचा प्रश्न प्रथम घेऊ. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या कुटुंबास स्वयंपाकघरातील उजेड हा शोभेचा विषय नव्हे. पुष्कळ लोक घर पाहावयास भर दुपारी जातात, तेव्हा चौकात ऊन असते व सर्व काही प्रसन्न वाटते. आमचा सल्ला असा की, सायंकाळी पाच वाजता, दिवे न लावता, स्वयंपाकघरात उभे राहून धान्य निवडता येते की नाही हे पाहावे. आणि उजेड येत असेल तर तो कोठून येतो हेही पाहावे. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ सालचा असून तो मुंबई इलाख्यास १८९१ साली लागू झाला. बेळगाव व कारवार हे दोन्ही जिल्हे त्या काळी त्याच इलाख्यात होते. या कायद्याप्रमाणे एखाद्या इमारतीने खिडकीतून येणारा उजेड व वारा वीस वर्षे शांतपणे, हक्क म्हणून व अखंड उपभोगला असेल, तर तो हक्क पक्का होतो, आणि शेजाऱ्यास त्याची मोठी हानी होईल असे बांधकाम करता येत नाही. वीस वर्षांच्या आत मात्र शेजारी आपल्या जागेत भिंत उभारून ती खिडकी बंद करू शकतो.

यातून दोन गोष्टी निघतात. नव्याने पाडलेली खिडकी पाहून अधिक किंमत देऊ नये. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी हवेशीर माडी म्हणून घर घेतले, आणि तिसऱ्याच वर्षी शेजारची भिंत वर गेली. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. आपण मोकळ्या जागेसह घर घेतले व शेजाऱ्याची जुनी खिडकी त्या जागेवर उघडत असेल, तर तेथे मजला चढविण्याचा बेत मनातच ठेवावा लागेल. विक्रेता ती जागा बांधकामास योग्य म्हणून विकतो. खिडकी मात्र बोलत नाही.

सामाईक भिंतीविषयी एवढेच सांगतो की, ती कोणाची हे तोंडी विचारून भागत नाही. शेजाऱ्याचे सर किंवा तुळया तिच्यात घुसलेल्या आहेत काय ते माळ्यावर चढून पाहावे, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा पुन्हा जावे. पावसाळ्यात घर खोटे बोलत नाही.

आता कागदपत्रांकडे वळू. बेळगाव शहरात नगर भूमापन झालेले असल्यामुळे नगर भूमापन क्रमांक व मिळकतीचा उतारा मिळतो. शिवाय महापालिकेचा खाते-उतारा व नोंदणी कार्यालयाचे बोजा प्रमाणपत्र घ्यावे. परंतु बोजा प्रमाणपत्र स्वच्छ आले म्हणजे मिळकत स्वच्छ आहे, हा समज धोक्याचा आहे. त्यात नोंदलेल्या दस्तांचीच माहिती येते. घराण्यातील तोंडी वाटणी त्यात दिसत नाही, दूर दिलेल्या बहिणीचा हिस्सा दिसत नाही, सावकाराकडे ठेवलेले मूळ कागदही पुष्कळदा दिसत नाहीत. विक्रेता मूळ खरेदीखताऐवजी नकलाच दाखवू लागला, तर मूळ कागद कोठे आहेत हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा. व्यापाऱ्यास असा प्रश्न विचारण्याची लाज वाटू नये. माल न पाहता आपण एक पोतेही तोलत नाही.

पेठेतील जुनी घरे बहुधा एकत्र कुटुंबाची असतात, आणि खटल्यांचे मूळ येथेच असते. हिंदु उत्तराधिकार कायदा १९५६ हा जैनांसही लागू आहे. कर्नाटकाने १९९४ साली व केंद्राने २००५ साली केलेल्या दुरुस्तीने मुलीस वडिलार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. २००५ साली पिता हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्रीस व नोंदलेल्या वाटणीस मात्र केंद्राच्या दुरुस्तीने बाध येत नाही. तेव्हा घरातील तीन भावांच्या सह्या आल्या म्हणजे काम झाले, हे दिवस गेले. बहिणींची नावे विचारावीत, त्यांच्या गावी जावे आणि त्यांना खरेदीखतात पक्षकार करून घ्यावे. ‘आम्ही त्यांना समजावून घेऊ’ हे विक्रेत्याचे वाक्य ज्या व्यवहारात ऐकू येईल, तेथे इसाराची रक्कम खिशातच बरी. किंबहुना, धर्मसभेत समतेची व्याख्याने ऐकणाऱ्या आपल्या समाजाने बहिणीच्या सहीस अडचण म्हणावे, हेच आम्हास चमत्कारिक वाटते.

पुढील गाळ्यात भाडेकरू असेल तर त्यास स्वतः भेटावे. जो ताब्यात आहे त्याच्या हक्काची माहिती घेणाऱ्यास होती, असेच कायदा धरून चालतो; त्यामुळे ‘आम्हास ठाऊक नव्हते’ हे उत्तर न्यायालयात चालत नाही. तसेच साठेखत, कब्जेपावती अथवा मुद्रांकावरील पावती म्हणजे मालकी नव्हे. मालकी नोंदलेल्या खरेदीखतानेच येते.

येथवरचे विवेचन कोणाही घर घेणाऱ्यास लागू आहे. यापुढील केवळ धान्याच्या व्यापाऱ्यासाठी आहे, व आमच्या दृष्टीने तेच अधिक निकडीचे आहे. खाली वखार व वर बिऱ्हाड ही आपल्या समाजाची जुनी रीत. भाडे वाचते, मालावर नजर राहते. परंतु दाट वस्तीत ही रीत किती महाग पडू शकते हे मुंबईने पूर्वीच पाहिले आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने मुंबईत प्लेगचा रोगी प्रथम ओळखला, तो मांडवी भागात. मांडवी म्हणजे बंदराजवळील धान्याच्या वखारींची वस्ती. वखारीत धान्य, धान्यापाठी उंदीर, उंदरांवर पिसवा, आणि वरच्या अंधाऱ्या खोल्यांत दाटीने राहणारी माणसे. त्या साथीनंतर १८९८ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन होऊन रुंद रस्ते पाडण्यास आरंभ झाला.

आज प्लेगची भीती नाही. तिच्या जागी दुसरी आली आहे, व ती आपण स्वतःच्या हाताने वखारीत ठेवतो. पोरकिड्यासाठी थप्पीखाली ठेवण्यात येणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याने फुटून त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. तीन ग्रॅमची गोळी एक ग्रॅम वायू देते. हा वायू लाकडी तक्तपोशीच्या फटीतून माडीवर आणि सामाईक भिंतीच्या भेगेतून शेजाऱ्याच्या निजण्याच्या खोलीत सहज जातो. त्यास लसणासारखा वास येतो असे म्हणतात, पण वासावर विसंबू नये; वास न येताही तो घातक असू शकतो, आणि या विषावर उतारा नाही. लहान मुले प्रथम बळी पडतात. या गोळ्यांचा वापर प्रशिक्षित व परवानाधारक माणसांकडूनच करावयाचा असतो. राहत्या घराखालील किंवा घरास लागून असलेल्या वखारीत तो मुळीच करू नये. कीटकहिंसेचा प्रश्न आम्ही येथे मुनिमहाराजांवर सोपवितो. माणसाच्या प्राणाचा प्रश्न मात्र आपलाच आहे. माल पुरता वाळवून, चाळून, लाकडी पाटांवर व भिंतीपासून हातभर दूर रचला, जुने बारदान वेगळे ठेवले, तर पुष्कळ कीड मुळातच टळते.

माळ्यावर माल चढविण्याचा मोहही असाच. हिशेब करून पाहावा. पन्नास किलोच्या गोणीस जमिनीवर सुमारे अर्धा चौरस मीटर जागा लागते. पाच गोण्यांची थप्पी लावली म्हणजे अर्ध्या मीटरवर अडीचशे किलो, अर्थात एका चौरस मीटरवर पाचशे किलो भार झाला. राहत्या घराचा मजला आजच्या भारतीय मानकाप्रमाणे बांधला, तरी तो चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरून बांधतात. शंभर वर्षांपूर्वीच्या सागवानी तुळया कोणत्या हिशेबाने घातल्या होत्या, ते सुतारासच ठाऊक. आणि त्यांची टोके भिंतीत ज्या जागी ओलीने कुजतात, ती जागा खालून दिसत नाही.

म्हणून नवीन घर घेणाऱ्या सभासदांनी वखार बाजार समितीच्या आवारात किंवा गावाबाहेर ठेवावी व गल्लीत केवळ बिऱ्हाड करावे, असे आमचे मत आहे. भाड्याचा बोजा वाढेल, हे खरे. जुन्या घरातून वखार हलविणे ज्यांस आज शक्य नाही, त्यांनी निदान नमुन्याचा माल तेवढा खाली ठेवून बाकीचा बाहेर उतरवावा. आणि इसार देण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे एकदा जाऊन बसावे. भिंतीचा खर्च, पन्हळीची दिशा व मोरीची वाट यांविषयी जे ठरेल ते तेव्हाच लिहून, सह्या घेऊन, वकिलाच्या सल्ल्याने नोंदवावे. किंमत चुकती झाल्यावर विक्रेत्यास त्या बोलण्यात रस राहत नाही, आणि शेजाऱ्यासही घाई नसते.