बिघडलेली पत पुन्हा कशी सावरावी?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापडाचा, भांड्यांचा आणि किराण्याचा धंदा कापसावर चालतो. पुसद असो, दिग्रस असो, वणी असो की पांढरकवडा, गिऱ्हाईक दुकानात येते, लग्नाचा बस्ता बांधते आणि म्हणते, "कापूस विकला की देतो." दुकानदार वहीत मांडून घेतो. दिवाळीच्या सुमारास कापूस घरी येऊ लागला की उधारी सुटू लागते. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, किंवा २०१७ सारखी गुलाबी बोंडअळी येते, त्या वर्षी वही तशीच राहते. मालाचे पैसे मात्र नागपूरच्या गांधीबागेत किंवा अमरावतीच्या ठोक बाजारात ठरल्या तारखेला द्यावेच लागतात. बँकेचे व्याजही कुणासाठी थांबत नाही.

असे दोन-तीन हंगाम गेले की चांगला चालता दुकानदारही थकबाकीदार होतो. पुढे दिवस पालटतात, हातात चार पैसे येतात, पण बँकेत गेल्यावर साहेब संगणकाकडे पाहून मान हलवतात. "तुमचे सिबिल खराब आहे." एवढ्या एका वाक्यावर माणूस परत येतो आणि सावकाराचा दरवाजा ठोठावतो. म्हणून हे सिबिल काय आहे, ते कसे बिघडते आणि कसे सुधारते, हे व्यापारी व कारागीर बंधूंसमोर आम्ही या लेखात मांडत आहोत.

पत कोण लिहितो?

पूर्वी पत बाजारात तोंडी असे. अमुक पेढीचा वायदा पक्का, तमुक पेढीचा कच्चा, हे दलालाला ठाऊक असे. आता ती लिहिली जाते. सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली आणि २००५ साली अशा पतमाहिती कंपन्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. बँका व वित्त कंपन्या प्रत्येक कर्जाची माहिती त्यांना देतात. २०१५ पासून नागरी सहकारी बँकांनाही या चारही ठिकाणी सभासद व्हावे लागले. तेव्हा "आपली तर सहकारी बँक आहे, कोणाला काय कळणार?" हा समज सोडून द्यावा.

या माहितीवरून ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण दिले जातात. एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कर्ज द्यायचे की नाही, हे सिबिल ठरवत नाही, ते बँक ठरवते. सिबिल फक्त वही दाखवते, आणि त्या वहीत बँकेने जे लिहून पाठवले तेच असते.

नव्वद दिवसांचा फेरा

हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादक ठरते. कॅश क्रेडिट खात्यात शिल्लक सतत ९० दिवस मर्यादेच्या वर राहिली, किंवा ९० दिवसांत व्याजापुरतीही भरणा झाली नाही, तरी तेच होते. आता गंमत पाहा. शेतकऱ्याच्या अल्पमुदतीच्या पीक कर्जाला दोन हंगामांची सवड आहे. त्याच शेतकऱ्याला उधार कापड देणाऱ्या दुकानदाराला ९० दिवस! दोघांचा पैसा एकाच कापसातून येणार, पण घड्याळ वेगळे. पीक कर्जासाठी सिबिल मागू नका, अशी तंबी राज्य सरकारने बँकांना दिली आहे. २००८, २०१७ आणि २०१९ साली शेतकऱ्यांसाठी कर्जमाफीच्या योजनाही आल्या. दुकानदाराला यातले काही लागू नाही. आपली वाट आपल्यालाच काढायची आहे.

म्हणून पैसा अडकतो आहे असे दिसताच, खाते ९० दिवसांच्या आत असतानाच, बँकेला लेखी अर्ज द्यावा. हप्त्यांच्या तारखा कापसाच्या हंगामाला जुळवून मिळाव्यात, किंवा मुदत वाढवून मिळावी, असे मागावे. बँक मान्य करेलच असे नाही, पण एकदा खाते अनुत्पादक झाले की वाट फार अरुंद होते. २०२१ साली रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की मुद्दल व व्याजाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय असे खाते पुन्हा नियमित धरता येत नाही. चार हप्ते थकले असताना दोन भरले, तर शिक्का तोच राहतो.

पहिले काम: अहवाल मागवा

वैद्याने नाडी पाहिल्याशिवाय औषध देऊ नये. चारही कंपन्यांनी दर वर्षी प्रत्येकाला एक पूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही मागवावेत. मोबाईलवर जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला बसवावे, पण पॅन क्रमांक आणि मोबाईलवर येणारा आकडा परक्या दलालाच्या हाती देऊ नये.

अहवालात प्रत्येक कर्ज वेगळे दिसते. त्याखाली मागील ३६ महिन्यांचा तक्ता असतो आणि कोणत्या महिन्यात किती दिवस उशीर झाला हे त्यात लिहिलेले असते. प्रत्येक खात्यासमोर तीन गोष्टी तपासाव्यात: हे कर्ज खरेच आपले आहे का, बाकी बरोबर आहे का, आणि फेडलेले खाते बंद दाखवले आहे का.

नावाचा घोळ

ही अडचण आपल्या लोकांत जास्त आहे. शाळेच्या दाखल्यावर नाव एक, पॅनवर दुसरे, बँकेत तिसरे. 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे नुसते 'मो.', तर कुठे 'एमडी'. शेख, सय्यद, खान कधी नावाच्या आधी, कधी नंतर. आमच्यासारखे जे उर्दू शाळेत शिकले, त्यांचे नाव इंग्रजीत कसे लिहायचे हे ज्या कारकुनाने त्या दिवशी ठरवले, तेच कायम झाले. एका गावात एकाच नावाचे चार इसम असतात. मग एकाचे कर्ज दुसऱ्याच्या अहवालात शिरते, किंवा आपली वेळेवर केलेली फेड आपल्या नावावर चढतच नाही.

यावर उपाय सरळ आहे. आधार, पॅन, बँक खाते आणि दुकानाचा परवाना या सर्वांवर नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग एक करून घ्यावे. चुकीच्या नोंदीबद्दल पतमाहिती कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करावी व पोच घ्यावी. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे. त्यात बँकेला माहिती दुरुस्त करून पाठवण्यास २१ दिवस आहेत. एप्रिल २०२४ पासून असा नियम आहे की ३० दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळावी. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. चुकीची नोंद दुरुस्त होते, खरी नोंद पुसता येत नाही. "पाच हजार द्या, सिबिल साफ करून देतो" असे सांगणारा इसम लबाड समजावा.

तडजोड की पूर्ण फेड?

जुनी थकबाकी असेल तर बँक एकरकमी तडजोड देऊ करते. लोकअदालतीतही अशा तडजोडी होतात. समजा मुद्दल २,४०,००० रुपये आणि व्याज १,१०,००० रुपये, एकूण ३,५०,००० रुपये येणे आहे. बँक म्हणते, २,२०,००० भरा आणि मोकळे व्हा. वर वर पाहता १,३०,००० रुपयांचा फायदा झाला. पण अहवालात खाते 'क्लोज्ड' नव्हे, 'सेटल्ड' असे लिहिले जाते. पुढचा सावकार त्याचा अर्थ असा घेतो की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. शिवाय २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, शेतीकर्ज सोडून इतर कर्जात तडजोड झाली की त्या बँकेला निदान १२ महिने त्या कर्जदाराला नवे कर्ज देता येत नाही.

मग काय करावे? आमचे मत असे आहे. ज्याला पुढे धंद्यासाठी बँकेकडे जायचे आहे, किंवा मुलांच्या शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून सही करायची आहे, त्याने शक्यतो पूर्ण फेड करावी, भले ती दोन वर्षांत होवो. आधी खात्याचा पूर्ण उतारा मागावा. दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर पुन्हा व्याज लावण्यास रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या आदेशाने मनाई केली आहे. तसे काही दिसले तर लेखी हरकत घ्यावी आणि दंडात सूट मागावी. ज्याची दुकानाची जागाच लिलावात निघाली आहे, त्याने मात्र तडजोड जरूर करावी. गुण पुन्हा मिळवता येतात, पण गेलेली जागा परत येत नाही. अशा माणसाने पुढे सवड झाल्यावर सुटीची रक्कम भरून खाते 'क्लोज्ड' करून घेण्याबद्दल बँकेशी बोलावे. बँक कबूल झाली तर आधी ते लेखी घ्यावे, मग पैसे भरावेत.

बँकेची तडजोड भागवण्यासाठी सावकाराचे पैसे उचलू नयेत. तो विहिरीतून निघून आडात पडण्याचा प्रकार आहे.

बेबाकी दाखला

पैसे भरले आणि घरी आलो, एवढ्याने काम संपत नाही. बँकेच्या शिक्क्याचा बेबाकी दाखला घ्यावा. तारण दिलेले मूळ कागद परत घ्यावेत. डिसेंबर २०२३ पासून असा नियम आहे की पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत कागद परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते. म्हणून दोन महिन्यांनी अहवाल पुन्हा पाहावा. बाकी शून्य दिसली नाही तर दाखला जोडून तक्रार करावी. कुरआन शरीफमध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या आयत २८२ मध्ये आहे. देताना आपण ती पाळतो, फेडताना विसरतो.

बँक बुडाली तर कर्ज बुडत नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केला. अशा वेळी कर्जाची वसुली अवसायकाकडे जाते. त्याच्याकडून पावती आणि दाखला घेऊन जपून ठेवावा, कारण उद्या नोंद दुरुस्त करताना तोच एक पुरावा राहतो.

पतसंस्थेची गोष्ट निराळी आहे. ती रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणात येत नाही. तिचे कर्ज अहवालात दिसले नाही म्हणून ते सुटले असे नव्हे. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली तिला वसुली दाखला मिळतो आणि जप्ती घरापर्यंत येते.

जामीनदाराचा विचार

जामीन राहणे ही आपल्यात दोस्तीची आणि भाऊबंदकीची गोष्ट मानली जाते. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. थकबाकी राहिली तर त्याच्याही अहवालावर डाग पडतो. ज्याच्यावर एकापेक्षा जास्त कर्जे थकली आहेत, त्याने आधी ते फेडावे ज्यावर दुसऱ्याची सही आहे. ज्या चुलतभावाने किंवा मेहुण्याने विश्वासाने सही केली, त्याच्या मुलीचे कर्ज आपल्यामुळे अडावे, यासारखी शरमेची बाब नाही.

नवी पत कशी उभी राहते?

जुने मिटल्यावर पाटी कोरी ठेवून चालत नाही, तिच्यावर चांगले अक्षर काढावे लागते. लहान कर्ज घ्यावे, जे डोळे मिटून फेडता येईल. बँकेत मुदत ठेव ठेवून तिच्यावर कर्ज किंवा कार्ड मिळते. हातगाडी व फुटपाथवरच्या विक्रेत्यांसाठी २०२० साली सुरू झालेली स्वनिधी योजना आहे. तिचे पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते, ते ऑगस्ट २०२५ मध्ये १५,००० करण्यात आले. शिंपी, सुतार, लोहार यांच्यासाठी मुद्रा योजनेचा ५०,००० रुपयांपर्यंतचा शिशु गट आहे. हप्त्याची तारीख विक्रीच्या दिवसांनंतरची घ्यावी. कार्ड असेल तर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी वापरावे. एकाच महिन्यात पाच बँकांत अर्ज टाकू नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि माणूस गरजू दिसतो.

चालू खात्यावर दर महिन्याला एक चांगला महिना तक्त्यात चढतो आणि एक जुना मागे सरतो. तीन वर्षे नेमाने हप्ते भरले तर ३६ महिन्यांचा तक्ता स्वच्छ होतो.

जे व्याजामुळे बँकेच्या कर्जापासून दूरच राहिले, त्यांची नोंदच नसते. नोंद नसणे आणि नोंद खराब असणे यांत फरक आहे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. शाखेत हे नम्रपणे दाखवून द्यावे.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवले होते की काही बँका मुस्लिम वस्त्यांच्या भागांना कर्जासाठी नकारात्मक भाग समजतात. ही तक्रार खरी आहे आणि ती मांडलीच पाहिजे. पण ती मांडणाऱ्याच्या हातात स्वच्छ अहवाल, बेबाकी दाखला आणि तीन वर्षांचे विवरणपत्र असेल, तर समोरच्याला सबब उरत नाही.

या हंगामात कापसाचे पैसे वहीत जमा होऊ लागतील, तेव्हा नवा माल भरण्याआधी दोन दिवस काढावेत. अहवाल मागवावा, थकबाकीची यादी करावी, जामिनाचे कर्ज वर लिहावे आणि पहिला हप्ता त्याच आठवड्यात भरावा.