मांडणीतला मराठी मजकूर: काय करावे, काय टाळावे

फ्लेक्स असो, लग्नपत्रिका असो, औषधाचे वेष्टन असो की बँकेचे ॲप, माणूस त्याकडे बघतो तो काहीतरी कळून घ्यायला. रंग, चित्र आणि मोकळी जागा त्याची नजर तिथवर आणतात. सांगण्याचे काम वाक्य करते. म्हणून मजकूर हा मांडणीचाच भाग आहे, चौकट तयार झाल्यावर तीत भरायचा माल नाही. वहीतली चूक एखाद्या वेळी नजरेतून सुटते. सहा फुटी फलकावर तीच चूक सहा फुटांची होते आणि दोन वर्षे चौकात उभी राहते.

जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्याची कीर्ती सुबक टाइपावर जेवढी होती, तेवढीच शास्त्र्यांनी तपासलेल्या शुद्ध प्रतींवर होती. अक्षर घडवणारा आणि वाक्य तपासणारा एकाच छताखाली बसत. आज डिझायनर एकीकडे, मॅटर देणारा दुसरीकडे आणि मधे फक्त व्हॉट्सॲप, अशी स्थिती आहे. पुढच्या सूचना या दोघांसाठी आहेत.

मॅटर हाती आल्यावर

करा: लेआउटला हात लावण्याआधी मॅटर मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल तिथे वाचणाराही अडखळणार. ते वाक्य तिथल्या तिथे मोडून सोपे करा.

करा: मो. रा. वाळंब्यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' आणि अरुण फडक्यांचे 'शुद्धलेखन तुमच्या खिशात' टेबलावर ठेवा. शुद्धलेखन अवघड आहे ही समजूत निराधार आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम एकूण अठरा: चौदा १९६२चे, चार १९७२चे. फलकांवरच्या बहुतेक चुका त्यांतल्या दोन-तीन नियमांशीच येऊन थांबतात. सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम असा, की मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो. कोल्हापूर, पण कोल्हापुरी चप्पल. दूध, पण दुधाचा चहा. वीज, पण विजेची उपकरणे. फूल, पण फुलांचे हार. परीक्षा, पूजा, क्रीडा हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द. त्यांना हा नियम लागत नाही.

टाळा: 'आर्शिवाद', 'हार्दीक', 'दिपावली', 'परिक्षा', 'निवडणुक', 'जाहीरात'. आशीर्वाद, हार्दिक, दीपावली, परीक्षा, निवडणूक, जाहिरात. दर सणाला आणि दर निवडणुकीला हेच शब्द लागतात. यांची बिनचूक यादी करून संगणकाशेजारी चिकटवली की वर्षभराची अर्धी दुरुस्ती वाचते.

टाळा: विभक्तीचा प्रत्यय सुटा लिहिणे. 'मुंबई चा वडापाव', 'आई च्या हातची चव' ही हिंदीची सवय आहे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो: मुंबईचा, आईच्या. यामुळेच वाक्याच्या मधे लोगोचे चित्र घालून त्यापुढे 'च्या ग्राहकांना' असे लिहू नका. चित्राला प्रत्यय लागत नाही. तिथे नाव अक्षरांत लिहा आणि लोगो वर कोपऱ्यात ठेवा.

टाळा: एकाच पत्रकात 'करावे' आणि 'करावं', 'तुम्ही' आणि 'आपण' यांची सरमिसळ. दोन्ही चालतात. निवड मात्र पहिल्या ओळीत करायची आणि शेवटपर्यंत पाळायची.

करा: 'फक्त' कुठे बसतो ते बघा. 'फक्त महिलांसाठी सोमवारी सवलत' आणि 'महिलांसाठी फक्त सोमवारी सवलत' या दोन वेगवेगळ्या सवलती आहेत, आणि त्यावरून दुकानात भांडण होऊ शकते.

'नाही' शेवटी येतो, हे विसरू नका

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीकडे येतो. मराठीत क्रियापद शेवटी, आणि नकार त्या क्रियापदाला धरून. इंग्रजी नमुना समोर ठेवून मराठी फलक आखला की पहिली ओळ मोठी आणि शेवटची बारीक होते. अर्थ उलटवणारा शब्द नेमका त्या बारीक ओळीत जातो.

टाळा: टाकीवरची ही मांडणी. वर ठसठशीत 'हे पाणी पिण्यासाठी', खाली लहान अक्षरात 'नाही'. धावतपळत आलेले मूल वरची ओळ वाचते आणि नळाला तोंड लावते. व्याकरण बरोबर, शुद्धलेखन बरोबर, फक्त ओळ चुकीच्या ठिकाणी तुटली.

करा: नकार आणि ज्याचा नकार करायचा ते एकाच ओळीत, एकाच आकारात ठेवा. ते जमत नसेल तर वाक्य बदला: 'पिण्यास अयोग्य पाणी'. इशारा आता पहिल्या दोन शब्दांत आला. 'आत जाण्यास परवानगी नाही' याऐवजी 'प्रवेश बंद' लिहिले तर ओळ तुटायला जागाच उरत नाही.

करा: मोबाइलवरच्या सूचना तर याच कसोटीवर आधी तपासा. पडदा अरुंद असला की ॲप वाक्य कापते आणि पुढे तीन टिंबे देते. 'तुमच्या खात्यातून पैसे वजा झालेले नाहीत' हे वाक्य कापले की पडद्यावर उरते 'तुमच्या खात्यातून पैसे वजा झालेले…'. रात्री अकराला हे वाचणाऱ्या माणसाची झोप उडते. 'व्यवहार फसला. पैसे खात्यातच आहेत.' असे लिहिले तर कुठेही कापले तरी खोटे ठरत नाही.

टाळा: 'येथे वाहने उभी करू नये'. वाहन उभे करू नये, वाहने उभी करू नयेत. अनेकवचन क्रियापदापर्यंत न्या.

दुकानाच्या पाट्या

राज्याच्या २०२२च्या कायदा-दुरुस्तीनंतर दुकानांवर देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीपेक्षा लहान ठेवायला मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा पाट्या रंगवणाऱ्यांकडे रांगा लागल्या. पाट्या आल्या याचा आनंद आहे. आता त्या मराठीत लिहिल्या जाव्यात.

टाळा: 'बैंक', 'कैफे', 'मैनेजर', 'फैशन'. हिंदीत इंग्रजीतला हा उच्चार दोन मात्रांचा ऐकार देऊन दाखवतात. मराठी वाचक त्याचा उच्चार 'कैरी'तल्या 'कै'सारखा करतो. आपल्याकडे यासाठी अर्धचंद्र आहे: बँक, कॅफे, मॅनेजर, फॅशन. टायपिंगचे साधन हिंदीवर ठेवले की ही चूक आपोआप होते, म्हणून आधी तेच बदला. वाक्याच्या शेवटी उभा दंड येत असेल तर तोही त्याच सेटिंगचा परिणाम. मराठीत पूर्णविरामाला टिंब आहे.

करा: इंग्रजी नावाचे एकच देवनागरी लेखन ठरवा. पाटीवर 'रेस्टॉरंट', बिलावर 'रेस्टोरन्ट' आणि पिशवीवर 'रेस्टॉरेंट' असे नको.

अक्षरसंच निवडताना

करा: पैसे मोजण्याआधी किंवा फुकटचा फॉन्ट उतरवण्याआधी त्यात एक अवघड वाक्य टाइप करून बघा. माझे वाक्य घ्या: 'वऱ्हाडातल्या बाळूने दुसऱ्या ॲपवरून कऱ्हाडच्या लक्ष्मीला चिठ्ठ्या, शिट्ट्या आणि ज्ञानकोश पाठवला.' 'ऱ्या'तला अर्धा 'र' आडव्या चंद्रकोरीसारखा आला का? 'ॲ'च्या जागी ठिपक्यांचे वर्तुळ तर नाही ना? 'ट्ट्य' फुटला का? यांतले एकही बिघडले तर तो फॉन्ट मराठीसाठी नाही, दिसायला कितीही देखणा असो. 'ऱ्या' हा हौसेचा भाग नाही: 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टांत तो नसण्याची शक्यता धरून चाला.

चांगल्या अक्षरांची आता वानवा नाही. र. कृ. जोशींचा 'मंगल' विंडोजबरोबर घरोघर पोहोचला. 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बालू' मोफत मिळतात आणि त्यांत वजनांची निवडही आहे.

करा: सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' निवडा. ज्या फॉन्टांत सोय असते त्यांत तेवढ्यानेच 'श' आणि 'ल' मराठी वळणाचे होतात. अक्षरांची प्रमाण रूपे राज्य शासनाने २००९च्या निर्णयात ठरवून दिली होती.

टाळा: अक्षरांमधले अंतर वाढवणे. रोमन मोठ्या अक्षरांना ते शोभते. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. ऐसपैसपणा हवा असेल तर शब्दांमधली आणि ओळींमधली जागा वाढवा. ओळींमधली जागा तर वाढवायलाच हवी, कारण वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात.

टाळा: बारीक टाइपात दाट, जाड फॉन्ट. शिरोरेषेवरचा अनुस्वार बुजतो आणि 'त्यांनी'चे 'त्यानी' होते. औषधाच्या वेष्टनावर अशी बचत कोणीही करू नये.

टाळा: युनिकोड मॅटर जुन्या फॉन्टच्या फाइलमध्ये चिकटवणे. अक्षरांचा कचरा होतो, मग ऑपरेटर घाईघाईत सगळे पुन्हा टाइप करतो, आणि तपासलेल्या मॅटरमध्ये नव्या चुका शिरतात. फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे पडत असेल तर दोष मजकुराचा नाही. भारतीय लिप्यांसाठीची मजकूर-रचना चालू केलेली नाही, एवढेच.

ॲप आणि पडदे

टाळा: इंग्रजी वाक्यात रिकामी जागा ठेवून तिथे नाव ओतणे. इंग्रजीत नाव जसेच्या तसे राहते, मराठीत ते बदलते. 'पुणे ला जाणारी गाडी' आणि 'ठाणे हून सुटेल' ही याच पद्धतीची देणगी आहे. मराठी माणूस पुण्याला जातो आणि त्याची गाडी ठाण्याहून सुटते. प्रत्येक गावाचे सामान्यरूप (पुण्या-, ठाण्या-) संगणकात भरणे शक्य आहे, पण सोपा मार्ग मांडणीचाच आहे: 'कोठून: ठाणे', 'कोठे: पुणे'. नाव एकटे उभे राहिले की त्याला प्रत्यय लागत नाही. इथे व्याकरणाची अडचण डिझायनरने सोडवली. म्हणूनच मराठी मजकूर पडदे आखतानाच हवा, आखून झाल्यावर नाही.

करा: लिंगाचा प्रश्नही तसाच सोडवा. 'सुरेखा आला' लिहिणारे ॲप परके वाटते. 'पार्सल पोहोचले', 'पैसे जमा झाले' असे वस्तूवर बोला. इंग्रजीतून आलेल्या शब्दांची लिंगे एकदा ठरवून यादी करा: ती ऑर्डर, ती फाइल, ते ॲप, तो मेसेज. मग एका पडद्यावर 'तुमचा ऑर्डर' आणि दुसऱ्यावर 'तुमची ऑर्डर' येत नाही.

करा: बटणावर जे होणार तेच लिहा. 'तिकीट रद्द करायचे?' असा प्रश्न आणि खाली 'रद्द' व 'ठीक' अशी बटणे असतील तर 'रद्द' दाबल्यावर तिकीट जाणार की प्रश्न जाणार? 'तिकीट रद्द करा' आणि 'तिकीट राहू द्या' असे लिहा. जागा थोडी जास्त लागते, ती द्यावी.

टाळा: 'अवैध नोंद' असे म्हणून वापरणाऱ्याला ताटकळत ठेवणे. 'पिनकोडमध्ये सहा अंक हवेत' असे सांगितले की माणूस पुढे जातो.

छपाईला सोडण्याआधी

करा: प्रूफ अंतिम आकारात, कागदावर, आणि ज्याने टाइप केले त्याच्याखेरीज दुसऱ्याने वाचावे. आधी नावे, तारीख, वार, वेळ, फोन नंबर, पत्ता. पत्रिकेतला वार तारखेशी जुळतो का, हे कॅलेंडर उघडून बघा. मग मथळा वाचा. सर्वांत मोठ्या अक्षरांतली चूक सर्वांत शेवटी दिसते, कारण तिथे प्रत्येक जण वाचल्यासारखे करून पुढे जातो.

टाळा: एकाच फलकावर '५' आणि '5' मिसळणे.

करा: मजकूर कर्व्ह करण्याआधी मूळ फाइल वेगळ्या नावाने जपा. कोरलमध्ये एकदा कर्व्ह मारले की अक्षरांचे आकार होतात. मग एक वेलांटी बदलायची तर कोणीतरी जुनी वेलांटी दुसऱ्या शब्दातून कापून आणते आणि ती जाडी-उंचीत कायम वेगळी दिसते.

करा: कोटेशनमध्ये मुद्रितशोधनाची रक्कम वेगळ्या ओळीत लिहा. ते कसबाचे काम आहे आणि कसबाला मोबदला असतो. ग्राहकाने ती ओळ खोडली, तर अंतिम प्रूफवर त्याची सही आणि तारीख घेऊनच प्लेट काढा.