किनाऱ्यावरचा गळ : थोड्या पैशांत काठी आणि रीळ कसे निवडावे

छंद ही पैसेवाल्यांची चैन आहे, असा समज आपल्याकडे घराघरांतून रुजलेला आहे. त्यातून मासे धरण्याचा छंद म्हटला, की "मासे बाजारात मिळतात, त्यासाठी हजारोंची काठी कशाला?" हा प्रश्न ठरलेलाच. माझे वडील अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कामगार आहेत आणि आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. हा प्रश्न आमच्याही घरात निघाला. विचारणाऱ्यांचे काही चुकले, असे मला वाटत नाही. जिथे परीक्षेची फी भरताना हिशेब होतो, तिथे काठीचाही हिशेब व्हायलाच हवा. म्हणून सुट्टीत शिकवण्या करून जमविलेल्या तीन हजार रुपयांची मर्यादा मी घालून घेतली आणि काठी-रिळाचा विचार एखाद्या अभ्यासविषयासारखा केला. ज्यांचे नवशिकेपण संपले आहे, पण जे अजून पटाईत झालेले नाहीत, अशा मित्रांना त्यातून काही उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

समुद्रच का?

राजमाचीच्या डोंगरांतून निघालेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करीत वसईच्या खाडीला मिळते. बदलापूरकडच्या खेड्यांतील जुन्या माणसांना गरवायला जाणे नवे नाही. माझे आजोबा कळकाची काठी, हातभर दोरी आणि गांडूळ एवढ्या भांडवलावर संध्याकाळचे कालवण घरी आणीत. उल्हासनगरच्या सिंधी बांधवांचेही माशाशी जुने नाते आहे. १९४९ साली ही वसाहत शहर म्हणून उभी राहू लागली, तेव्हा आलेल्या मंडळींच्या मनात सिंधू नदीचा पल्ला मासा होता. त्यांचे झुलेलालही पल्ल्यावरच आरूढ असतात.

पण आज चित्र निराळे आहे. ज्या वालधुनीच्या काठी इ. स. १०६० मधील अंबरनाथचे शिवमंदिर उभे आहे, तिच्यात कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी वाहते. तिथला मासा कोणी घरी नेणार नाही. बारवी धरणाचे पाणी पिण्याचे, शिवाय धरणांतील मासेमारी बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, तेव्हा परवानगीवाचून तिथे गळ टाकणे योग्य नव्हे. राहता राहिला समुद्र. बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराई, पश्चिम रेल्वेने केळवे, किंवा भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस आणि पुढे अलिबागकडचे किनारे. वाट लांबची आहे, पण तिथे मुडदुशी, बोय, शिंगाळा, नशीब असेल तर रावस किंवा जिताडा लागण्याची आशा असते.

काठी

नदीवर सात-आठ फुटांची काठी पुरते, किनाऱ्यावर ती अपुरी पडते. याची कारणे दोन. एक, जड शिसे दूर फेकायला लांब तरफ लागते. दुसरे, फुटणाऱ्या लाटांच्या वर तंगूस धरून ठेवायला उंची लागते. बारा फूट, म्हणजे सुमारे ३.६ मीटर, ही मध्यम उंचीच्या माणसाला झेपणारी लांबी. अंगाने लहान असणाऱ्याने दहा-अकरा फुटांवर समाधान मानावे. न झेपणाऱ्या लांब काठीपेक्षा झेपणारी आखूड काठी दूर फेकते.

काठीवर किती ग्रॅमपर्यंतचे वजन फेकता येईल, ते छापलेले असते. आपल्या उथळ, भरती-ओहोटीच्या ओढीच्या किनाऱ्यांवर ८० ते १०० ग्रॅम शिसे लागते. आमिषाचेही वजन त्यात धरावे. म्हणून १२० ग्रॅमपर्यंतची काठी घ्यावी आणि तिच्यावर ८५-९० ग्रॅमच फेकावे. काठीही टिकते, मनही निर्धास्त राहते.

आता काठी कशाची? काचतंतूची काठी जड, पण सोशिक व स्वस्त. कार्बनची हलकी आणि चपळ, पण आपटली की आतून तडकते. दोहोंच्या मिश्रणाचीही मिळते. कमी किमतीत 'शंभर टक्के कार्बन' असे लिहिलेले दिसले, तर अक्षरांपेक्षा हातातल्या वजनावर विश्वास ठेवावा. आपल्यासारख्यांना काचतंतूची किंवा मिश्र काठीच बरी.

एकात एक सरकणारी दुर्बिणीसारखी काठी लोकलच्या गर्दीत सोयीची वाटते. मात्र तिच्या सांध्यांत वाळू आणि मीठ शिरते, मग ती उघडत नाही किंवा मिटत नाही. त्यापेक्षा तीन तुकड्यांची काठी उत्तम. बारा फुटांचे तीन भाग केले, तर प्रत्येकी चार फुटांहून थोडे अधिक. पिशवीत घालून डब्याच्या कोपऱ्यात उभे राहता येते. दोन तुकड्यांची सहा फुटी पिशवी घेऊन सकाळी बदलापूरहून लोकलमध्ये शिरणे किती कठीण, हे आपणांस सांगणे न लगे.

रीळ

आज सर्रास मिळते ते स्थिर फिरकीचे रीळ. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डचे गिरणीमालक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. गिरणीत चातीच्या टोकावरून सूत जसे उलगडत जाते, तसेच या रिळात फेकीच्या वेळी फिरकी स्थिर राहते आणि तंगूस तिच्या कडेवरून सुटत जातो. आडव्या फिरत्या रिळात फिरकीच गरगरते आणि अंगठा चुकला की गुंता होतो. ते पटाईतांसाठी सोडून द्यावे.

किनाऱ्यासाठी रिळाचा आकडा साधारण ५००० ते ६००० असावा. हे आकडे प्रत्येक कंपनीचे आपापले असतात, म्हणून खरे पाहायचे ते फिरकीवर मावणारी तंगुसाची लांबी. ०.३५ मिलिमीटर जाडीचा २०० मीटर तंगूस मावला की पुरे. इथे थोडे गणित कामी येते. मावणारी लांबी ही जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. ०.४० चा तंगूस २०० मीटर मावत असेल, तर ०.३० चा सुमारे ३५५ मीटर मावेल. फिरकी काठोकाठ न भरता कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली भरावी. फार भरली तर वेढे एकदम सुटतात, कमी भरली तर तंगूस कडेला घासून फेक आखूड पडते.

बॉल बेअरिंगची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते. बारा हलक्या बेअरिंगपेक्षा चार चांगल्या बऱ्या. खरा कस लागतो तो ड्रॅगचा. मोठा मासा ओढू लागला की फिरकीने झटके न देता तंगूस सोडला पाहिजे. स्प्रिंगचा ताणकाटा लावून ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश भागावर ठेवावा. ६ किलोचा तंगूस असेल तर दीड ते दोन किलोवर.

तंगूस आणि पुढचा दोर

येथे काटकसर करू नये, कारण प्रश्न माशाचा नसून माणसाचा आहे. जोरात फेकताना तंगूस तुटला, तर सुटलेले शिसे शेजाऱ्याचे डोके फोडू शकते. म्हणून मुख्य तंगुसाच्या पुढे जाड तंगुसाचा तुकडा जोडतात. नियम सोपा आहे : शिशाच्या प्रत्येक औंसाला दहा पौंडांची ताकद. ८५ ग्रॅम म्हणजे तीन औंस, त्याला तीस पौंड, म्हणजे साधारण चौदा किलो. हा तुकडा काठीच्या दुप्पट लांब असावा आणि फिरकीवर त्याचे पाच-सहा वेढे यावेत.

दुकानात काय पाहावे?

१. काठी डोळ्यासमोर धरून सर्व कड्या एका रेषेत आहेत का, ते पाहावे.

२. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा. तंतू अडकला तर कडीला चीर आहे. ती तंगूस कापील.

३. काठी जोडून हलवावी. सांधा खटखटता कामा नये.

४. रीळ आपल्या काठीच्या बैठकीत बसवूनच घ्यावे.

५. मूठ हलवून पाहावी. ढिली असेल, उलटी फिरत असेल, तर नको म्हणावे.

६. तंगूस जिच्यावरून वळतो ती छोटी चकती फिरते का, हे बोटाने पाहावे. ती अडली तर तंगूस लवकर झिजतो.

पैशांची वाटणी

अर्थशास्त्रात आपण घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकतो. काठी-रिळाला तो अचूक लागू पडतो. अगदी स्वस्त खेळण्यातल्या रिळापासून साध्या पण धड रिळापर्यंत जाताना प्रत्येक रुपयाचे फळ मिळते. त्यापुढे किंमत दुप्पट केली तरी मासे दुप्पट लागत नाहीत. म्हणून मी वाटणी ठरविली ती अशी : निम्मे पैसे रिळाला, एक-तृतीयांश काठीला आणि उरलेले तंगूस, गळ व शिसे यांना. काठीत फिरणारे भाग नाहीत, साधी काठीही वर्षानुवर्षे चालते. रिळात दाते आहेत आणि खारे पाणी त्यांचा वैरी आहे. शिवाय मुडदुशीसारखे मासे पुष्कळदा पहिल्या लाटांच्या मागच्या खोलगट पट्ट्यातच चरतात. शंभर मीटर फेकण्याच्या हौसेपायी पैसे घालवण्यापेक्षा भरतीची वेळ साधावी. कोकणातला जुना हिशेब ध्यानात ठेवावा : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. भरतीचे शेवटचे दोन तास गळाला चांगले.

प्रवास आणि निगा

एक इशारा कळकळीने द्यावासा वाटतो. कार्बनमधून वीज वाहते. रेल्वेच्या वरच्या तारांत २५,००० व्होल्टचा दाब असतो. काठी जोडून फलाटावर किंवा पुलावर कधीही उभी धरू नये. ती नेहमी सुटी करून पिशवीतच न्यावी. किनाऱ्यावर विजा चमकू लागल्या तर काठी खाली ठेवून निघून यावे.

घरी आल्यावर ड्रॅग थोडा आवळून काठी व रीळ गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवावे. जोराची धार मीठ आत ढकलते. पुसून सावलीत वाळवावे, मग ड्रॅग सैल करावा. शिलाई मशीनचे तेल उल्हासनगरात गल्लोगल्ली मिळते. त्याचा एक थेंब बेअरिंगला आणि चकतीला पुरतो. शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये.

शेवटी

विद्यार्थी मित्रहो, थोड्या पैशांत चांगली वस्तू मिळते, पण ती विचार करणाऱ्यालाच मिळते, एवढे या अभ्यासाने मला शिकविले. हिशेबाचा कागद मी घरी वाचून दाखविला. वडिलांनी तो दोनदा ऐकला आणि "तंगुसाला कमी करू नकोस" एवढेच म्हणाले. ती संमतीच होती.

एक विचार मात्र मनातून जात नाही. बारा फुटांची काठी, जड शिसे, तीन गाड्या आणि एक होडी, हा सारा खटाटोप आपण करतो, कारण दारातल्या नदीत आपण मासा जगू देत नाही. वालधुनी स्वच्छ असती आणि उल्हास पूर्वीसारखी निर्मळ राहिली असती, तर या लेखाची गरजच पडली नसती. आजोबांची कळकाची काठी पुरली असती, आणि तिला खर्च काहीच नव्हता.